भाडे मोजले, खर्च मोजला काय?

बँकेतील ठेवींवरचे व्याज उतरू लागले की मध्यमवर्गीय कुटुंबांत एक जुनाच विचार नव्याने डोके वर काढतो. पैसा बँकेत ठेवून काय करावयाचे? त्यापेक्षा एखादी सदनिका घ्यावी, ती भाड्याने द्यावी आणि दरमहा येणाऱ्या भाड्यावर निश्चिंत राहावे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आणला, ठेवींचे दरही त्यामागोमाग खाली आले, आणि व्याजावर संसार चालविणाऱ्या निवृत्त मंडळींच्या बोलण्यात हा विचार पुन्हा ऐकू येऊ लागला. तो मुळातच चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. घरासारखी डोळ्यांना दिसणारी व हाताला लागणारी मालमत्ता माणसाला धीर देते, आणि पुण्यासारख्या शहरात शिक्षणासाठी व नोकरीसाठी येणाऱ्यांचा ओघ असल्यामुळे भाडेकरूही मिळतात. परंतु या विचाराच्या मुळाशी असलेला हिशेब बहुतेक वेळा अर्धाच मांडलेला असतो. भाडे किती येणार हे प्रत्येकजण विचारतो. घर किती खाणार हे फारच थोडे विचारतात.

काही दिवसांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आमच्याकडे आले. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पतीच्या पश्चात मिळालेली विम्याची रक्कम एकत्र करून त्यांनी शहराच्या पश्चिम भागात दोन शयनगृहांची एक सदनिका घेतली. दलालाने एका चिठ्ठीवर त्यांना गणित मांडून दिले होते: किंमत ८० लाख, भाडे दरमहा २४ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार, सरळ ३.६ टक्के, शिवाय किंमत वाढेल ती वेगळीच! पंधरा महिन्यांनंतर त्यांनी स्वतः वही घेऊन जमाखर्च लिहिला, आणि मग आम्हांस विचारले, "माझे गणित चुकते आहे, की मला गणितच चुकीचे दिले गेले?" त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून आणि आकडे सोयीसाठी पूर्ण करून आम्ही तोच हिशेब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा प्रश्न एकट्या बाईंचा नाही. आयुष्यभराची पुंजी एकाच घरात घालणाऱ्या हजारो कुटुंबांचा तो प्रश्न आहे.

पहिली चूक भांडवलाच्या आकड्यातच होते. घराची किंमत म्हणजे घरात गुंतलेला पैसा नव्हे. पुण्यात खरेदीखतावर साधारणपणे सात टक्के मुद्रांक शुल्क व अधिभार द्यावा लागतो. घर स्त्रीच्या एकटीच्या नावावर असल्यास त्यात एक टक्क्याची सवलत मिळते, परंतु बाईंनी पुढील सोयीसाठी मुलाचे नाव जोडल्यामुळे ती त्यांना लाभली नाही. म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये येथेच गेले. नोंदणीचे ३० हजार, दलालीचे ८० हजार. घर हाती आल्यावर ते भाड्याने देण्याजोगे करावे लागते. रंग, पंखे, दिवे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातील कपाटे, कागदपत्रे तपासणाऱ्या वकिलाची फी, हे सारे मिळून ३ लाख ३० हजार झाले. चिठ्ठीवर ८० लाख असलेली रक्कम प्रत्यक्षात ९० लाख झाली. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले असते तर वस्तू व सेवा कराची आणखी भर पडली असती. भाड्याचे प्रमाण काढावयाचे ते या ९० लाखांवर. तसे काढले की खर्चाचा एक रुपयाही वजा न करता ३.६ चे ३.२ टक्के होतात.

आता वर्षाच्या खर्चाकडे वळू. त्यात पहिला मान सोसायटीचा. सोसायटीचे मासिक बिल म्हणजे पहारेकऱ्याचा पगार, जिन्यातील दिवे, लिफ्ट, पंप, साफसफाई, व्यवस्थापकाचे वेतन आणि दोन निधी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का गोळा करावयाचा असतो. सभासदांचा रोष नको म्हणून पुष्कळ सोसायट्या हे निधी नियमाप्रमाणे जमवीत नाहीत. म्हणून कमी बिल पाहून घर घेणाऱ्याने आनंदून जाऊ नये. आज न घेतलेली वर्गणी दहा वर्षांनी लिफ्ट बदलताना किंवा गच्चीची गळती काढताना एकरकमी मागितली जाते. घर भाड्याने दिले की बिनभोगवटा शुल्क लागते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. कोणी अधिक मागत असेल तर सभासदाने तो आदेश दाखवावा. मासिक वर्गणी साडेसात हजारांच्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे असली, तर त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर येतो. बाईंचे बिल तेवढे मोठे नाही. दरमहा साडेतीन हजार व बिनभोगवटा शुल्काचे अडीचशे धरून वर्षाला ४५ हजार होतात. "देखभाल भाडेकरू भरतो" असे कित्येक मालक सांगतात. तो भरतोही, परंतु तेवढ्याने भाडे कमी ठरते. पैसे कोणत्या खिशातून गेले एवढाच फरक.

दुसरा खर्च मालमत्ता कराचा, आणि येथे पुण्यातील खरेदीदार हमखास चुकतो. ज्याच्याकडून घर घेतो तो स्वतः तेथे राहत असतो, त्याची करपावती पाहून नवा मालक तोच आकडा वहीत लिहितो. परंतु स्वतः राहणाऱ्यास महापालिकेची ४० टक्के सवलत असते. ही सवलत १९७० पासूनची. मध्यंतरी ती काढून घेतली गेली आणि २०२३ साली पुन्हा लागू झाली. घर भाड्याने दिले की ती मिळत नाही. म्हणजे ज्या घराचा कर विक्रेता १० हजार ८०० भरीत होता, त्याच घराचा कर बाईंस ढोबळमानाने १८ हजार पडतो. घर तेच, भिंती त्याच. साठाचे शंभर झाले. मुंबईतील नातेवाइकाचा आकडाही येथे उपयोगाचा नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांस १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून माफी आहे. प्रत्येक शहराचे नियम निराळे, म्हणून हिशेबही त्या त्या शहराचाच मांडावा लागतो.

तिसरा खर्च वीज, पाणी व गॅस यांचा. हा भाडेकरूच भरतो अशी सर्वांची समजूत असते आणि ती बहुतांशी खरीही आहे. पण 'बहुतांशी' या शब्दातच मेख आहे. घर रिकामे असले तरी वीजबिलातील स्थिर आकार थांबत नाही. मीटर मालकाच्या नावावर असतो, म्हणून भाडेकरू शेवटची दोन बिले न भरता निघून गेला तर मागणी मालकाकडे येते. जुनी थकबाकी असलेले घर विकत घेणाऱ्याने तर विशेष सावध असावे. पूर्वीच्या ग्राहकाची थकबाकी भरल्याखेरीज त्याच जागेत नवी जोडणी देणार नाही, अशी अट वीजवितरण संस्थेस वैधानिक नियमांच्या आधारे घालता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात दिला आहे. सबब खरेदीपूर्वी मागील वर्षभराची बिले पाहावीत. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून घर किती दिवस बंद होते हेही कळते.

पाण्याची गोष्ट याहून कठीण. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे उशाशी असलेल्या शहरात टँकरचा हिशेब करावा लागावा, हे आमचे दुर्दैव होय. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. शहराच्या या नव्या कडेला इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ मागाहून निघाला. काही ठिकाणी तो अद्याप वाटेतच आहे. तेथील सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात. फेब्रुवारीपर्यंत दिवसाला एक टँकर घेणारी इमारत एप्रिलात चार घेते, आणि तो खर्च सर्व सभासदांवर वाटला जातो. भाड्याचा करार आधीच झालेला असल्यामुळे वाढीव वर्गणी भाडेकरूकडून मागता येत नाही. ऑगस्टमध्ये घर पाहून निर्णय घेणारा माणूस पावसाळ्यातील विहीर पाहून वर्षाचे पीक ठरवितो. घर पाहावयाचे तर मे महिन्यात पाहावे, आणि निदान टँकरची नोंदवही तरी मे महिन्याची मागावी. बंद काळातील वीज, गॅस व टँकरचा वाटा मिळून बाईंचे वर्षाला ८ हजार गेले.

चौथा खर्च वहीत कधीच लिहिला जात नाही, कारण त्याची पावती मिळत नाही. तो म्हणजे रिकाम्या घराचा. दलालाच्या चिठ्ठीवर वर्षाचे महिने नेहमी बारा असतात. प्रत्यक्षात भाडेकरू जातो, घराला रंग द्यावा लागतो, नवा माणूस शोधावा लागतो. भाडेकरू दोन वर्षे टिकला आणि मधे दोन महिने घर बंद राहिले असे धरले, तरी वर्षाचा एक महिना गेला, म्हणजे २४ हजार. नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालास एक महिन्याचे भाडे. दोन वर्षांत वाटून वर्षाला १२ हजार. कराराचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारास एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क व शहरात एक हजार नोंदणी शुल्क. इतर किरकोळ धरून दोन हजारांचा प्रश्न. तरीही एवढे वाचविण्यासाठी नोंदणी टाळणारे मालक आहेत. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खोटी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदलेला असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि ती न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोन हजारांसाठी हा धोका पत्करणे म्हणजे छत्री वाचविण्यासाठी पावसात भिजणे होय.

पाचवा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा खर्च दुरुस्तीचा. नळ गळतो, गिझर जळतो, शेजाऱ्याच्या न्हाणीघरातून भिंतीत ओल येते, वायरिंग जुने होते. दर दोन-तीन वर्षांनी रंगकाम येते. हे सारे मिळून वर्षाला एक महिन्याचे भाडे बाजूला ठेवावे, म्हणजे २४ हजार. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या खात्यात वेगळे १२ हजार ठेवावेत. विम्याचे ३ हजार. यातील एकही खर्च दरमहा येत नाही, आणि म्हणूनच तो विसरला जातो. पण जो खर्च दरमहा येत नाही तो कधीच येत नाही असे मात्र नव्हे.

दुरुस्तीचा हिशेब न केल्याने काय होते हे महाराष्ट्राने मुंबईत डोळ्यांदेखत पाहिले आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची प्रमाणभूत भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस संरक्षण देणे योग्यच होते. पण सिमेंट, लाकूड व मजुरी यांच्या किमती चढत गेल्या, भाडी जागच्या जागी राहिली, आणि मालकांनी चाळींची डागडुजी थांबविली. इमारतींनी मग आपला हिशेब आपणच चुकता केला. जिने खचले, सज्जे कोसळले, पावसाळ्यात माणसे गाडली गेली. अखेर १९६९ साली कायदा करून शासनाला दुरुस्तीसाठी उपकर व स्वतंत्र मंडळ आणावे लागले. सुमारे १९,६४२ इमारती या उपकराच्या कक्षेत आल्या. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये म्हटले, आणि त्यानंतर आलेल्या नव्या कायद्याने जुन्या भाड्यांत वर्षाला चार टक्के वाढीस वाट दिली. दोष कायद्याचा किती, मालकांचा किती, हा वाद येथे नको. आम्हांस त्यातून एवढाच बोध घ्यावयाचा आहे की, भाड्यातून दुरुस्ती भागत नसेल तर घर टिकत नाही. तेव्हा भाडे कायद्याने गोठले होते. आज लिव्ह अँड लायसन्सचे भाडे बाजार ठरवितो. परंतु मालकाने आपला खर्च मोजलाच नसेल, तर परिणाम वेगळा होण्याचे कारण नाही.

आता बेरीज करू. रिकामा महिना २४ हजार, दलाली १२ हजार, करार २ हजार, सोसायटी ४५ हजार, मालमत्ता कर १८ हजार, दुरुस्ती व रंग २४ हजार, मोठ्या दुरुस्तीची शिल्लक १२ हजार, वीज-पाणी ८ हजार, विमा ३ हजार. एकूण १ लाख ४८ हजार. भाड्याच्या २ लाख ८८ हजारांतून ते वजा जाता हाती राहिले १ लाख ४० हजार. ९० लाखांवर हे प्रमाण दीड टक्क्याहून किंचितच अधिक भरते. ज्या चिठ्ठीवर ३.६ लिहिले होते तिच्यातील निम्म्याहून अधिक आकडा घराने स्वतःच खाल्ला. बाई गणितात चुकल्या नव्हत्या. त्यांना उदाहरणच अपुरे घातले होते.

यावर आयकर आहेच. कायदा मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करू देतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट सूट देतो. सोसायटीचे बिल, रंग, दलाली, विमा यांच्या पावत्या कितीही असोत, त्या वेगळ्या चालत नाहीत. बाईंच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे २ लाख ६४ हजार, कर वजा जाता २ लाख ४६ हजार. त्यावर सूट ७३ हजार ८००. या सुटीने ज्यांची भरपाई व्हावी ते खर्च मात्र १ लाख ६ हजार झाले. म्हणजे जी मिळकत हाती आली नाही तिच्यावरही कर आला. वीस टक्क्यांच्या पायरीतील मालकास उपकरासह सुमारे ३५ हजार ८०० रुपये भरावे लागतील, आणि अखेरची शिल्लक साधारण १ लाख ४ हजार राहील. बँकेच्या ठेवीवरही कर लागतो हे खरे. पण ठेवीला ओल येत नाही, आणि ती दोन महिने रिकामी राहत नाही.

कर्ज काढून असे घर घेणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता ४३ हजार ४०० च्या आसपास बसतो. वरील हिशेबाप्रमाणे घर महिन्याला देते सुमारे ११ हजार ७००. "भाड्यातून हप्ता फिटेल" हे वाक्य म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीने बारा आण्यांचा मसाला स्वतःच कमवून आणावा अशी अपेक्षा होय. उरलेली रक्कम मालकाच्या पगारातून जाते, आणि नोकरी डळमळली की घर विकण्याची पाळी नेमकी मंदीतच येते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतील, भाडे कमी असेना, घराची किंमत वाढते की नाही? वडिलांनी कोथरूडमध्ये घेतलेल्या घराची आजची किंमत पाहा! ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. पुण्यातील कित्येक कुटुंबांची सुस्थिती जागेच्या वाढलेल्या किमतीवरच उभी आहे. परंतु वाढते ती जमिनीची किंमत; इमारत वर्षागणिक जुनीच होत असते. कोथरूड शहराच्या कडेचे मध्यावर आले, म्हणून तेथे किंमत वाढली. आज कडेला उभी असलेली प्रत्येक वसाहत उद्या मध्यावर येईलच याची हमी कोण देणार? शिवाय वाढलेली किंमत विकल्याखेरीज हाती येत नाही, आणि विकताना दलाली व भांडवली नफ्यावरील कर आहेच. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे व त्यात महागाईची वजावट नाही. त्यापूर्वी घेतलेल्या घरांस तेवढा जुना पर्याय ठेवला आहे. किंमत वाढेल या आशेवर घर घेणे हा एक निर्णय आहे आणि दरमहाच्या मिळकतीसाठी घर घेणे हा दुसरा. तरुण माणसाला पहिला परवडेल. औषधांचे बिल दरमहा भरावे लागणाऱ्या वृद्धास किमतीची वाढ दुकानदारापुढे ठेवता येत नाही.

आणि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, ती भाडेकरूची. ज्या मालकाने खर्च मोजलेला नसतो त्याला प्रत्येक दुरुस्ती हा अपघात वाटतो. भाडेकरू ओल दाखवितो, मालक फोन उचलत नाही. गिझर बिघडतो, "तुम्हीच वापरला ना?" असे उत्तर मिळते. शेवटी अनामत रकमेवरून भांडण होते. मालक दुष्ट असतो असे नव्हे. पुष्कळदा तो भाडेकरूइतकाच साधा, पगारावर जगलेला माणूस असतो, आणि त्याच्या खिशात त्या दुरुस्तीसाठी खरोखरच पैसा नसतो. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात कोणती दुरुस्ती कोणी करावयाची याची यादीच दिली आहे. बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, नळांच्या वाहिन्या बदलणे, विजेचे वायरिंग ही मालकाची. नळाचे वॉशर, बटणे, कुलपे, खिडक्यांच्या काचा ही भाडेकरूची. हा मसुदा राज्यांसाठी केवळ नमुना आहे. तरी आपल्या करारात तशी यादी जोडण्यास कोणाचीच हरकत नाही. अर्ध्या पानाची ती यादी पुढची दोन वर्षे शांततेत घालवू शकते.

मग करावे काय? खरेदीदाराने दलालाच्या चिठ्ठीवर विसंबू नये. सोसायटीची मागील वर्षाची बिले, लेखापरीक्षण अहवाल, निधींची शिल्लक, टँकरची नोंदवही, वीजबिले, आणि भाड्याच्या घरास लागू होणाऱ्या दराने काढलेला मालमत्ता कर, एवढे कागद मागावेत. जो विक्रेता हे दाखविण्यास कचरतो, त्याचे घर घेण्यास आपणही कचरावे. हे सारे पाहावयास वेळ नसेल तर निदान एक ठोकताळा ध्यानात ठेवावा: वर्षाचे महिने बारा असले तरी मालकाच्या पदरात सहा-सात महिन्यांचेच भाडे पडते असे धरून चालावे, आणि तेवढ्यावर आपले भागत असेल तरच पुढे जावे.

सार्वजनिक संस्थांकडूनही काही अपेक्षा आहेत. नव्या इमारतींच्या विक्री करारात अंदाजे मासिक वर्गणीसाठी एक रकाना असतो. त्यात कोणताही सोयीचा आकडा लिहिला जाऊ नये. तो कशावरून काढला आणि पाणी कोठून येणार हे त्याबरोबर सांगण्याची सक्ती महारेराने करावी. महापालिकेने कोणत्या प्रभागात नळाचे पाणी किती तास येते व कोठे येतच नाही, हे दर वर्षी जाहीर करावे. कर घेताना ज्या घराचा पत्ता अचूक सापडतो, तो पाणी देताना हरवू नये. आणि ३० टक्क्यांची सरसकट सूट लहान मालकांच्या वास्तव खर्चाशी जुळते काय, याचा विचार अर्थखात्याने एकदा करावा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. एकीकडे घरासाठी वणवण आणि दुसरीकडे कुलूपबंद घरे, हे दृश्य निर्माण होण्यास अनेक कारणे आहेत. भाड्याने देणे धड परवडत नाही, हे त्यांपैकी एक आहे.

बाईंना आम्ही काय उत्तर द्यावे? घर विका असे आम्ही सांगणार नाही. मुद्रांक शुल्कात गेलेला पैसा विकून परत येत नाही. त्यांना आम्ही एवढेच कळविले आहे की, येणाऱ्या भाड्यातील निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, ती आपली नव्हे, घराची आहे असे समजावे, आणि उरलेल्या निम्म्यातच आपला संसार बसवावा. नवा करार करताना दुरुस्तीची यादी जोडावी, आणि चांगला भाडेकरू मिळाला असेल तर हजार रुपयांच्या वाढीसाठी त्याला घालवू नये. कारण घर दोन महिने रिकामे राहिले तर ४८ हजार जातात, आणि हजाराची वाढ ते भरून काढण्यास चार वर्षे घेते. घर घेऊन भाड्याने देणे हा उद्योग आहे, आणि उद्योगाला वही लागते. ज्यांनी आपल्या आयुष्याची कमाई विटांत घातली, त्यांनी निदान एका दोनशे पानी वहीचा खर्च अधिक करावा. आमच्या मते सबंध व्यवहारात तेवढा एकच खर्च असा आहे, की जो केल्याने इतर सर्व आवाक्यात राहतात.